सावलीत अडकलेलं रान

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डार्टमूर या माळरानाच्या कडेने टीन नावाची नदी वाहते. तिच्यावरच्या जुन्या दगडी फिंगल पुलापासून रानात शिरलं, की कुठल्या तरी वळणावर ताजे बुंधे दिसतात, वाटेच्या कडेला रचलेले ओंडके दिसतात. हेच रान २०१३ साली वुडलँड ट्रस्ट आणि नॅशनल ट्रस्ट या दोन संस्थांनी वाचवण्यासाठी घेतलं. ८२५ एकर, सगळ्यांना चालायला खुलं. मग ही तोड कसली?

आधी ‘प्राचीन वन’ म्हणजे काय ते पाहू. इंग्लंड-वेल्समध्ये १६०० सालापासून (स्कॉटलंडमध्ये १७५० पासून) जिथे सलग रान आहे, ती जागा प्राचीन. त्याआधी मुद्दाम झाडं लावायची रीत फारशी नव्हती. त्यामुळे तेव्हा जिथे रान होतं, ते बहुधा आपोआप आलेलं. ब्रिटनच्या जमिनीपैकी अशी जागा जेमतेम अडीच टक्के उरली आहे.

गंमत म्हणजे तिथली झाडं म्हातारी असलीच पाहिजेत असं नाही. फिंगलचे ओक तर पिढ्यान्‌पिढ्या बुंध्यापाशी तोडले जात आणि फुटवे वाढले की पुन्हा तोडले जात. साल चामडं कमवायला, लाकूड कोळशाला. कोळसा पाडण्यासाठी उतारावर सपाट केलेल्या जागा आजही सापडतात; कोकणातली कोळशाची भट्टी पाहिलेल्याला त्या चटकन ओळखू येतील. एवढी कुऱ्हाड चालूनही रान प्राचीनच, कारण इथे वय मातीचं मोजतात. ती कधी नांगरलीच गेली नाही.

मातीचं वय सांगणारी एक साक्षीदार म्हणजे वुड ॲनिमोनी. वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलाची. बियांपेक्षा जमिनीखालच्या खोडानेच पसरते, आणि तेही शंभर वर्षांत साधारण सहा फूट! शिवराज्याभिषेकाच्या वर्षी निघाली असती तर आज एकवीस फुटांवर पोचली असती. म्हणून तिचा मोठा ताटवा दिसला की समजावं, ही जागा फार काळ रानच आहे.

ॲनिमोनी आणि निळ्या ब्लूबेलचं गणित उन्हाच्या एका फटीवर चालतं. ओकला पालवी फुटायच्या आत ऊन थेट जमिनीवर येतं. तेवढ्या काही आठवड्यांत पानं काढायची, फुलायचं, वर्षभराची शिदोरी जमिनीखाली साठवायची. वर छत मिटलं की दुकान बंद.

विसाव्या शतकात ही फट बुजली. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा भासल्यावर १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं स्थापन झालं, आणि पुढे कितीतरी जुन्या रानांत स्थानिक झाडं काढून झटपट वाढणारी सूचीपर्णी झाडं लावली गेली. फिंगलमध्येही. त्यांतला डग्लस फर मूळचा उत्तर अमेरिकेचा आणि सदाहरित. त्याच्या दाट लागवडीखाली मार्चमध्येही अंधारच. खाली सुयांचा तपकिरी थर, बाकी जवळजवळ काही नाही.

सुरुवातीला दिसलेली तोड याच झाडांची. असं वाटेल, की सगळे फर एकदम काढून मोकळं व्हावं. पण तसं केलं तर लख्ख उन्हात काटेरी ब्रॅम्बल आणि नेचे मुसंडी मारतात आणि तग धरून राहिलेली नाजूक रोपं गुदमरतात. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेल्या जुन्या ओकलाही अचानक उघडं पडणं सोसत नाही. म्हणून त्याच्याभोवतीचे फर एकेक करून, टप्प्याटप्प्याने काढतात. काही वर्षं थांबायचं, जमिनीवर काय उगवतंय ते बघायचं, मग पुढची विरळणी. काम दशकांचं आहे. मला यातला धीर फार आवडतो. रोपं लावून फोटो काढण्याच्या कार्यक्रमांत तो क्वचितच दिसतो.

चालताना हा फरक पायांनाही कळतो. फरखाली पाऊल सुयांवर पडतं, आवाज नाही. विरळ केलेल्या भागात आलं, की पानांचा पाचोळा चुरचुरतो, आणि एप्रिल-मेमध्ये नशीब असेल तर ब्लूबेलची निळाई.

ती दिसली तरी वाट सोडू नये. पायाखाली पान चुरडलं, की त्या वर्षी कंदाला पुरेसं अन्न मिळत नाही, आणि तुडवलेला ताटवा सावरायला कित्येक वर्षं जातात. पुढच्या वसंतात निळाईच्या मधोमध नुसती हिरवी पट्टी दिसते, कुणी तरी फोटोसाठी गेलं होतं तिथवर.