उंदराच्या पिल्लात इस्ट्रोजेन बनते कसे?

‘पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन, स्त्रियांचे इस्ट्रोजेन’ ही वाटणी डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की इस्ट्रोजेन हे ‘पुरुषी’ संप्रेरकापासूनच बनते, हे अनेकांना पटत नाही. उंदराच्या मादी पिल्लाचे अंडाशय पाहिले की ते उलगडते.

जन्माच्या वेळी तिथे अंडपेशी झुबक्यांत असतात. काही दिवसांत झुबके सुटतात आणि एकेका अंडपेशीभोवती चपट्या पेशींचे आवरण बसते. याच पेशी पुढे ग्रॅन्युलोसा पेशी होतात. बाहेरचा थीका पेशींचा थर मात्र साधारण आठवडाभराने दिसू लागतो, आणि तोवर कच्चा माल पुरवणारे कोणी नसते.

कारण अंडाशयात इस्ट्रोजेन कोणतीही एक पेशी एकटी बनवत नाही. थीका पेशीत ‘स्टार’ हे प्रथिन कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर पोहोचवते. साऱ्या प्रक्रियेचा वेग इथेच ठरतो. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू. तिथले विकर त्यातले ६ तोडते, उरतात २१. तंतुकणिकेबाहेर ‘सिप-१७’ हे विकर आणखी २ काढते. १९ कार्बनचे अँड्रोजेन, म्हणजे ‘पुरुषी’ गटातले संप्रेरक, तयार! ही सारी कामे पीयूषिका ग्रंथीच्या एलएच या संप्रेरकाच्या हुकमाने चालतात. ग्रॅन्युलोसा पेशींत सिप-१७ जवळजवळ नसतेच, पण त्याच ग्रंथीचे एफएसएच हे संप्रेरक मिळाले की त्या अरोमाटेज विकर बनवतात. थीकाकडून झिरपत आलेल्या अँड्रोजेनमधला १ कार्बन ते काढते, रेणूतले एक कडे बेंझिनसारखे, म्हणजे अरोमॅटिक, करते, आणि १८ कार्बनचे इस्ट्रोजेन हाती येते.

बशीत हे तपासता येते. फक्त ग्रॅन्युलोसा पेशी आणि एफएसएच ठेवले तर इस्ट्रॅडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) नगण्य. अँड्रोस्टेनडायोन हे अँड्रोजेन घातले की भरपूर. थीका पेशी चुकून मिसळल्या तर निष्कर्ष फसतो. माध्यमात रक्तरस (सीरम) घातला तर ग्रॅन्युलोसा पेशींचे रूपच पालटते आणि त्या प्रोजेस्टेरॉन करू लागतात.

‘हार्मोन बॅलन्स’ करणाऱ्या पावडरींच्या जाहिराती दिसल्या, की विचारावे: यातली कोणती पायरी, कोणत्या पेशीत बदलते? उत्तर मिळत नाही.

मोजमापातही एक सापळा आहे. पिल्लांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन मुबलक असते आणि ते इस्ट्रॅडायॉलला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसला तरी मोकळे, काम करणारे इस्ट्रॅडायॉल थोडेच असते. हे प्रथिन नसलेल्या माद्यांच्या मेंदूवर इस्ट्रोजेनचा मारा होतो आणि त्या वंध्य राहतात. माणसाचे अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रॅडायॉलला असे धरत नाही, म्हणून उंदराच्या पिल्लाचे आकडे मानवी बाळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.