डोनल ओग क्युसॅक: छोट्या पक-आउटमागची मोठी गोष्ट

आज हर्लिंगची कुठलीही मोठी मॅच लावा, गोलकीपर बॉल हातात घेतो, मान वर करून कोण मोकळं आहे ते बघतो आणि वीस-पंचवीस मीटरवरच्या आपल्याच बॅककडे अलगद देऊन टाकतो, तिथून पुढे टीमचा सगळा डाव सुरू होतो. आता कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या कॉर्कचा गोलकीपर हे करायला लागला तेव्हा त्याच्याच माणसांच्या छातीत धडधड व्हायची, अरे मार ना लांब, गोलच्या तोंडाशी कसले खेळ करतोयस! तो गोलकीपर म्हणजे डोनल ओग क्युसॅक.

ज्यांनी हर्लिंग बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्लंडचा खूप जुना खेळ, प्रत्येक बाजूला 15 जण, हातात ॲश लाकडाची हर्ली, बॉल लहान आणि कडक, त्याला स्लिटर म्हणतात. ग्राउंड 130 ते 145 मीटर लांब. बॉल गोलच्या आडव्या बारखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे 3 पॉइंट, बारवरून गेला तर 1, म्हणून स्कोअर 1-21 असा लिहितात, म्हणजे 1 गोल आणि 21 पॉइंट. प्रत्येक काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, टीम, आणि टॉपचे खेळाडूसुद्धा ॲमॅच्युअर, म्हणजे सोमवारी सकाळी सगळे आपापल्या नोकरीवर. तरी फायनलला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 80 हजार लोक असतात.

बॉल वाइड गेला किंवा स्कोअर झाला की गोलकीपर तो परत खेळात आणतो, तो पक-आउट. एका टीमला मॅचमध्ये सहज पंचवीस-तीस वेळा हे करावं लागतं. पूर्वी पद्धत एकच, जीव खाऊन लांब हाणायचा आणि खाली दोन्ही टीमचे लोक उड्या मारून झगडतील, मिळाला तर आपला. विचार केला तर केवढी उधळपट्टी आहे ही, हातातला बॉल पंचवीस वेळा स्वतःहून नशिबाच्या हवाली करायचा!

क्युसॅक 1977 चा, कॉर्क काउंटीतल्या क्लॉइन गावचा. ओग म्हणजे धाकटा, बापाचं नाव पण डोनल, म्हणून हा डोनल ओग. क्लॉइन म्हणजे ख्रिस्टी रिंगचं गाव, कॉर्ककडून 8 ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेला माणूस, त्याचा पुतळा आहे गावात. असल्या गावात हर्लिंग खेळणाऱ्या पोराकडे लोक कुठल्या नजरेने बघत असतील ते सांगायला नको.

त्यात त्याला जागा मिळाली ती जेर कनिंगहॅमनंतर. कनिंगहॅम 1986 चा हर्लर ऑफ द इयर, आणि पोक फादा नावाची जी स्पर्धा आहे, डोंगरावरून कमीत कमी फटक्यांत बॉल पुढे न्यायचा, ती त्याने 1984 ते 1990 सलग सात वर्षं जिंकलेली. म्हणजे अख्ख्या देशात लांब मारण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता त्याच्या जागी हा आला, आणि याचं नाव झालं ते जवळ देण्यासाठी. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात भारी वाटतं.

पहिलंच मोठं वर्ष 1999. जिमी बॅरी-मर्फी मॅनेजर, बरीचशी कोवळी पोरं, आणि फायनलमध्ये पावसात किलकेनीला 0-13 विरुद्ध 0-12 हरवलं. एकही गोल नाही खाल्ला. त्या वर्षीचा गोलकीपरचा ऑल स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारा मान, तोही क्युसॅकलाच.

मग मधली दोन-तीन वर्षं खराब गेली आणि 2002 च्या शेवटी कॉर्कचे खेळाडू थेट संपावर गेले. प्रवासाची, डॉक्टरची, ट्रेनिंगची नीट सोय हवी, एवढ्याच मागण्या, पण ॲमॅच्युअर खेळात खेळाडू संप करतात हेच लोकांना पचत नव्हतं. क्युसॅक त्यात पुढे होता. कॉर्कचा खेळ चालवणाऱ्या बोर्डाला शेवटी ऐकावं लागलं आणि त्याच खेळाडूंनी 2003 ते 2006 सलग चार फायनल गाठल्या. पहिली किलकेनीने जिंकली, 2004 ला कॉर्कने त्यांना 0-17 विरुद्ध 0-9 असं धुतलं, 2005 ला गॉलवेला 1-21 विरुद्ध 1-16 हरवलं.

याच टीमने पक-आउटचा खेळ पक्का केला. डोनल ओग्रेडी आणि मग जॉन ॲलन मॅनेजर, पळत पळत हाताने पास देत पुढे जायची स्टाइल, आणि तिची सुरुवात गोलकीपरपासून. कोण कुठे पळणार, कोण जागा रिकामी करणार हे आधी ठरलेलं, आणि बॉल माणसाकडे नाही तर तो जिथे पोचणार तिथे जायचा. हे सगळं एकट्या क्युसॅकच्या डोक्यातून निघालं असं मी म्हणणार नाही, पण चुकलं तर समोर 80 हजार लोकांपुढे तोंडघशी पडणार होता तो एकटाच. कारण जवळचा पक-आउट फसला की बॉल थेट समोरच्या फॉरवर्डच्या हातात, गोलपासून हाकेच्या अंतरावर. तरीही परत परत तेच करायला जिगर लागते.

2006 ला तिसऱ्यांदा सलग जिंकायची संधी होती, पण मॅनेजर ब्रायन कोडीच्या किलकेनीने अभ्यास करून ठेवलेला, कॉर्कच्या पहिल्या पासपासूनच अंगावर गेले, श्वास घेऊ दिला नाही. 1-16 विरुद्ध 1-13, कॉर्क हरलं. क्युसॅकला दुसरा ऑल स्टार मात्र त्याच वर्षी. आणि त्याच्या गावच्या क्लबचं दुःख वेगळंच, क्लॉइन 2004, 2005, 2006 तिन्ही वर्षं कॉर्कमधल्या क्लबांची काउंटी फायनल हरलं.

पुढची वर्षं वादळी. 2007 ला क्लेअरविरुद्ध मॅच सुरू व्हायच्या आधीच मारामारी, क्युसॅक सस्पेंड. 2008 च्या सुरुवातीला दुसरा संप, आणि उन्हाळ्यात गॉलवेविरुद्ध तो मॅचमधून बाहेर काढला गेला, गॉलवेच्या जो कॅनिंग या खेळाडूने एकट्याने 2-12 मारले तरी कॉर्क जिंकलं. 2009 ला तिसरा संप, मॅनेजर जेराल्ड मॅकार्थीच्या नेमणुकीवरून. यात गावागावात, घराघरात भांडणं लागली आणि बराचसा राग क्युसॅकच्या वाट्याला आला, कारण तो खेळाडूंच्या देशव्यापी संघटनेतही पुढारी होता.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आत्मचरित्र येताना त्याने जाहीर सांगितलं की मी गे आहे. ज्या आयर्लंडमध्ये 1993 पर्यंत हा गुन्हा होता, आणि जो खेळ गावाशी, चर्चशी, घराण्यांशी एवढा बांधलेला, तिथे काउंटीचा चालू खेळाडू हे बोलतो म्हणजे काय! त्याच्याआधी या पातळीवर कुणी बोललं नव्हतं. रिटायर होऊन सांगणं सोपं होतं. पण तो पुढच्या सीझनला परत जाऊन गोलमध्ये उभा राहिला, गोलच्या मागेच प्रेक्षक असतात, आणि गोलकीपरला तिथून हलताही येत नाही. 2015 ला समलिंगी लग्नाच्या सार्वमतात 62 टक्के लोकांनी हो म्हटलं, ते एकाएकी नाही झालं, अशा माणसांनी आधी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

शेवट मात्र मनासारखा झाला नाही. 2012 च्या लीगमध्ये पायाचा अकिलीस टेंडन तुटला, अँथनी नॅश गोलमध्ये आला आणि तो भन्नाट निघाला. 2013 ला मॅनेजरने क्युसॅकला सांगितलं की आता तू नाहीस. मॅनेजर कोण, तर जिमी बॅरी-मर्फी, 1999 चाच. त्या वर्षी कॉर्क फायनलला गेलं, पहिली मॅच टाय झाली, रिप्लेमध्ये क्लेअरने हरवलं. क्लेअरचा मॅनेजर डेव्ही फिट्झगेराल्ड, तोही जुना गोलकीपर, आणि 2016 ला त्याच क्लेअरचा कोच म्हणून क्युसॅक त्याच्या शेजारी उभा होता. त्या सीझनला क्लेअरने लीग जिंकली.