डायलिसिस सुरू झालं, तरी लघवी मोजत राहा

डायलिसिस सुरू झालं की किडनीचा विषय संपला, असं बहुतेक घरांत धरून चालतात. आता काय ते पिशव्या बघून घेतील, मग एखादी वेदनाशामक गोळी घेतली तर बिघडतं कुठे? पेरिटोनियल डायलिसिसवर, म्हणजे पोटात द्रव सोडून रक्त साफ करण्याच्या पद्धतीवर, असलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. डायलिसिस सुरू होतं तेव्हा किडनी पूर्ण बंद पडलेली क्वचितच असते. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण 100 मिलिलिटर रक्त गाळून साफ करतात. डायलिसिसच्या उंबरठ्यावर हा आकडा बहुधा 5 ते 10 वर आलेला असतो. पण तो शून्य नसतो, आणि रोज अर्धा-एक लिटर लघवी होत असते. ही उरलेली ताकद जितकी जास्त काळ टिकेल, तितका रुग्णाचा फायदा. तो फायदा किती मोठा आहे हे डॉक्टरांनाही बऱ्याच उशिरा कळलं.

आधी थोडं गणित करू. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटात बसवलेल्या मऊ नळीतून, म्हणजे कॅथेटरमधून, साधारण 2 लिटर द्रव आत सोडतात. पोटाच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्तातला कचरा त्या अस्तरातून द्रवात उतरतो आणि द्रवातलं ग्लुकोज शरीरातलं जादा पाणी ओढून घेतं. काही तासांनी तो द्रव काढून टाकायचा आणि नवा भरायचा. दिवसाला अशा 4 पिशव्या केल्या आणि वर 1 लिटर पाणी ओढलं गेलं, तर दिवसाला 9 लिटर, आठवड्याला 63 लिटर द्रव बाहेर येतो. त्यात युरिया हा रक्तातला टाकाऊ पदार्थ अगदी काठोकाठ, म्हणजे रक्तात आहे तितकाच, उतरला असं मानलं, तरी आठवड्याची सफाई, म्हणजे साफ झालेलं रक्त, 63 लिटरच्या वर जात नाही. क्रिएटिनिन हा दुसरा टाकाऊ पदार्थ हळू उतरतो, त्यामुळे त्याची सफाई याहूनही कमी.

आता थकलेली किडनी घ्या. समजा ती मिनिटाला फक्त 3 मिलिलिटर रक्त साफ करते, छोटा चमचाही भरत नाही इतकं. पण ती रात्री झोपेतही थांबत नाही. दिवसाला 4.3 लिटर, आठवड्याला जवळपास 30 लिटर. जिला आपण मोडीत काढलं, ती चारही पिशव्यांच्या मेहनतीच्या निम्मं काम एकटी करते आहे.

बरीच वर्षं डॉक्टरही या दोन सफाया सरळ एकत्र मिळवत आले. किडनीची अधिक पोटाची बरोबर एकूण सफाई; किडनीची कमी झाली की पिशव्या वाढवायच्या. कॅनडा आणि अमेरिकेत मिळून 680 रुग्णांवर झालेला ‘कॅनुसा’ हा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला, त्यातही हीच बेरीज गृहीत होती. 2001 साली त्याच आकडेवारीची फेरतपासणी झाली आणि या वेळी दोन्ही सफाया वेगळ्या काढल्या. किडनीची सफाई आठवड्याला 5 लिटरने जास्त असेल, तर मृत्यूचा सापेक्ष धोका 12 टक्क्यांनी कमी दिसला. रोजची लघवी 250 मिलिलिटरने जास्त असेल, तर 36 टक्क्यांनी कमी. पोटाच्या सफाईतल्या फरकाचा मात्र जगण्याशी काही संबंध दिसेना. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या 965 रुग्णांच्या ‘ॲडेमेक्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे एका गटात मुद्दाम पोटाची सफाई वाढवली होती. दोन्ही गटांतल्या जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

इथे एक शंका काढायलाच हवी. ज्यांची लघवी टिकते ते मुळातच कमी आजारी असतील, तर? असा गुंता या अभ्यासांत थोडाफार आहेच. पण किडनी जे करते ते पोटाच्या अस्तराला का जमत नाही, याची शारीरिक कारणंही भक्कम आहेत. युरिया हा लहान रेणू, तो सहज पलीकडे जातो. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारखे मोठे रेणू आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसलेले विषारी पदार्थ पोटातून फारसे उतरत नाहीत. किडनीच्या सूक्ष्म नलिका हे चिकटलेले पदार्थ सोडवून लघवीत ढकलतात. गाळण्यापलीकडचं हे काम कुठलीच पिशवी करत नाही. फॉस्फरस, मीठ आणि पाणी बाहेर टाकण्यातही किडनीचा वाटा मोठा असतो, म्हणून लघवी असलेल्या माणसाच्या हृदयावर पाण्याचा ताण कमी येतो आणि त्याला पाणी पिण्यावर तेवढी बंधनंही पाळावी लागत नाहीत. शिवाय रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन आणि ड जीवनसत्त्वाचं कामाला येणारं रूप, दोन्ही थोड्या प्रमाणात तयार होत राहतात.

हे सगळं घालवायचा सोपा मार्ग म्हणजे औषधाच्या दुकानातली अंगदुखीची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही त्या घराण्यातली नावं. किडनीतल्या गाळणीकडे रक्त नेणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं मदत करतात. धडधाकट किडनीला त्यांची फारशी गरज पडत नाही, पण मोजक्या गाळण्यांवर चाललेली किडनी त्यांच्यावरच विसंबून असते. या गोळ्या नेमकं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात. वाहिनी आकसते, गाळणीतला दाब पडतो, लघवी घटते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल हा त्या मानाने सुरक्षित पर्याय आहे.

दुसरा धोका शरीर कोरडं पडण्याचा. जुलाब, उलट्या, ताप यांत पाणी जातं आणि तरीही जास्त ग्लुकोजच्या ‘कडक’ पिशव्या नेहमीसारख्याच चालू राहतात. बीपी घसरतं आणि उरलेल्या गाळण्या उपाशी राहतात. अशा दिवशी वजन आणि बीपी पाहून त्याच दिवशी डायलिसिस युनिटला फोन करायला हवा. कोणती पिशवी वापरायची आणि बीपीची कोणती गोळी थांबवायची, हे त्यांनी ठरवायचं. याच्या उलट टोकाचा एक समज पूर्वी बराच पसरला होता: रुग्ण थोडा ‘ओला’ ठेवला, म्हणजे अंगात जरा जास्त पाणी राहू दिलं, तर लघवी टिकते. तपासणी झाली तेव्हा तसा फायदा दिसला नाही. जादा पाण्याने हृदयाचं नुकसान मात्र होतं. वजनाचा सुवर्णमध्य शोधणं हे नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीतज्ज्ञाच्या, कामातलं सगळ्यात कटकटीचं काम असावं, असं मला वाटतं.

पोटातल्या जंतुसंसर्गाने, म्हणजे पेरिटोनायटिसने, लघवी घटण्याचा वेग वाढतो. त्यामुळे पिशवी जोडण्याआधी हात धुणं, मास्क लावणं, नळीचं तोंड कशालाही लागू न देणं हे सगळं किडनीसाठीही आहे. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर सकाळपर्यंत वाट पाहत बसू नये. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीत चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट आणि जास्त दिवस चाललेली जेंटामायसिनच्या जातीतली अँटिबायोटिक्स, यांवरही नजर ठेवावी लागते. गरज असेल तिथे ती द्यावीच लागतात. पण ‘मला अजून लघवी होते’ हे रुग्णाने तिथल्या डॉक्टरला सांगितलं पाहिजे, नाहीतर डायलिसिसचा पेशंट म्हटल्यावर किडनी जपायचा विचार कुणाच्या डोक्यातही येत नाही. ‘नैसर्गिक’ औषधांबद्दल एवढंच सांगतो: 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधातून ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली वनस्पती पोटात गेली आणि ते घेणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या.

मग मदत करणारं काय आहे? बीपीच्या गोळ्यांतले दोन प्रकार, एसीई इन्हिबिटर आणि एआरबी. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी त्या सैल करतात, त्यामुळे जास्तीचा भार वाहणाऱ्या गाळण्यांवरचा दाब कमी होतो. हाँगकाँगमध्ये 60 रुग्णांवर रॅमिप्रिल या एसीई इन्हिबिटरची चाचणी झाली, ती 2003 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात रॅमिप्रिल घेणाऱ्या 14 जणांची लघवी बंद झाली, न घेणाऱ्यांपैकी 22 जणांची. चाचणी लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं आणि काहींना कोरडा खोकला होतो. ग्लुकोज तापवताना तयार होणारे घातक पदार्थ कमी असलेले नव्या पद्धतीचे द्रवही निघाले आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधल्या 185 रुग्णांच्या चाचणीत त्यांनी लघवी बंद पडणं लांबवलं, पण किडनीची ताकद घटण्याच्या वेगात ठाम फरक सिद्ध झाला नाही.

फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्यांचं वेगळंच आहे. त्यांनी लघवीचं प्रमाण टिकतं, पाणी आणि मीठ बाहेर पडतं, कडक पिशव्या कमी लागतात. किडनीची सफाईची ताकद मात्र त्यांनी टिकत नाही. उपयोग आहे, फक्त लघवी वाढली म्हणून किडनी सुधारली असं समजू नये.

म्हणूनच नुसत्या अंदाजावर भागत नाही, मोजावं लागतं. दर काही महिन्यांनी 24 तासांची लघवी गोळा करतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवी धरून. मधली एक लघवी संडासात गेली तर तसं सांगावं. नाहीतर डबा खोटं बोलतो आणि डॉक्टर चुकीच्या आकड्यावर पिशव्या ठरवतात. त्या लघवीतल्या युरिया आणि क्रिएटिनिनच्या सफाईची सरासरी काढली की उरलेल्या किडनीचा आकडा मिळतो.

आकडा चांगला असेल तर सुरुवातीला दिवसाला चारऐवजी दोन-तीन पिशव्यांवरही काम भागतं. पोटात ग्लुकोज कमी जातं, हात मोकळा राहतो. पण अट एकच: लघवी घटेल तशा पिशव्या वाढवायच्या. मोजणीत खंड पडला तर हीच सोय अंगाशी येते, कारण भूक मंदावणं, मळमळ, पायांवर सूज ही लक्षणं दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

आणि एवढं सगळं करूनही बहुतेकांची लघवी पुढे कधीतरी थांबते. तिथे पेरिटोनियल डायलिसिस संपत नाही. युरोपात लघवी पूर्ण बंद झालेल्या 177 रुग्णांना रात्री यंत्राने पेरिटोनियल डायलिसिस देऊन दोन वर्षं पाहिलं गेलं आणि त्यांतले बहुतेक जण तगले. ज्यांच्या पोटातून सुरुवातीला दिवसाला 750 मिलिलिटरपेक्षा कमी पाणी निघत होतं त्यांचं मात्र जड गेलं. लघवी थांबली की डॉक्टरांचं लक्ष युरियापेक्षा आधी पाण्यावर जातं ते यामुळेच: पिण्याची आणि मिठाची मर्यादा नव्याने ठरते, पिशव्यांचं प्रमाण बदलतं, आणि तरीही पाणी निघत नसेल तर हिमोडायलिसिसकडे, म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रातून साफ करण्याकडे, वळायचं का, हे बोलणं सुरू होतं.