विहिरीतलं पोहणं ते बीचवरचे बोर्ड

'पाण्यात उतरू नका' हे बोर्ड कोकणच्या किनाऱ्यावर तसे अलीकडचेच. आधी पाण्याशी कसं वागायचं ते घरातच शिकवायचे. पोरगं जरा मोठं झालं की मे महिन्यात काका नाहीतर मोठा भाऊ त्याच्या कमरेला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून सरळ विहिरीत ढकलायचा, पुढे भोपळ्याच्या जागी प्लॅस्टिकचा रिकामा कॅन आला, ढकलणं तेच राहिलं. बहुतेक घरांत मुलींच्या वाट्याला मात्र हे यायचं नाही, जुन्या दिवसांचं कौतुक करताना ते आपण सोयीस्कर विसरतो.

भरतीचं गणितही तोंडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला 6 च्या सुमारास आणि पुनव-अवसेला सव्वाअकरा-बारा, त्यात याच दोन तिथ्यांना उधाण. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत समुद्रात नाही. हल्ली 1 जून ते 31 जुलै सरकारी बंदी असते, ती माशांच्या पैदाशीसाठी असली तरी माणसंही वाचतातच की.

17 जुलै 1947 ला, भर पावसाळ्यात आणि तेही अवसेच्या सुमारास, 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वादळात उलटली. 600 च्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला पत्ताच नाही, पोहून आलेल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

नंतर घरातली पोरं मुंबईला गेली, घरोघरी नळ आले, विहिरींवर जाळ्या बसल्या. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, रस्ते सुधारले आणि शनिवार-रविवारी बीचवर जी गर्दी व्हायला लागली तिला ना तिथी माहीत ना उधाण. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. असं काही झालं की मग बोर्ड, दोर, शिट्टीवाले जीवरक्षक यांची चर्चा.

पण विहिरीत शिकलेल्यालाही समुद्राची परतीची ओढ वेगळी शिकावी लागते, कारण जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटतं तिथूनच ती बऱ्याचदा माणसाला आत नेते. तेव्हा किनाऱ्याकडे जोर लावून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, दम संपला तर उताणं तरंगत हात वर करायचा. मी पाहिलेल्या बोर्डांवर यातलं काहीच नसतं, नुसता धोका आणि दंड.