इम्प्लांटनंतर लिफ्ट करताना: टाके किती हे नंतर, रक्त कुठून हे आधी

स्तनांत इम्प्लांट, म्हणजे आकार वाढवणारी कृत्रिम पिशवी, बसवून काही वर्षं झाली, मधे एखादं बाळंतपण झालं किंवा वजनात मोठा चढउतार झाला की स्तन ओघळू लागतात. ते पुन्हा वर उचलण्याची शस्त्रक्रिया म्हणजे लिफ्ट. मग जळगाव-धुळ्याहून नाशिकला किंवा मुंबईला सल्ल्यासाठी गेलेल्या बाईचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कमीत कमी टाके कशात पडतील? प्रश्न साहजिक आहे. पण लिफ्टचं तंत्र त्यावरून ठरवू नये. स्तनाग्र किती खाली आलंय आणि त्याला रक्त कुठून पोचतंय, या दोन गोष्टींवरून ते ठरतं.

पहिली गोष्ट साध्या टेपने मोजता येते. बाईला उभं करून स्तनाखालच्या घडीची पातळी धरतात. सर्जन पॉल रेन्यो यांनी १९७६ साली मांडलेली वर्गवारी आजही वापरात आहे. स्तनाग्र घडीच्या पातळीला किंवा जेमतेम १ सेंमी खाली असेल तर पहिली श्रेणी, १ ते ३ सेंमी खाली असेल तर दुसरी, त्याहून खाली आणि तोंड जमिनीकडे असेल तर तिसरी. कधी स्तनाग्र घडीच्या वरच असतं, पण इम्प्लांट ज्या कप्प्यात बसवलं त्यातून खाली घसरलेलं असतं. तिथे स्तनाग्र उचलण्याचं कारणच नाही. कप्पा आतून टाक्यांनी आवळून इम्प्लांट जागेवर आणावं लागतं.

पहिल्या श्रेणीत स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळालगतचा गोल छेद पुरतो; आतलं आणि बाहेरचं अशी दोन वर्तुळं आखून मधली त्वचा काढतात. यात व्रण कमी दिसतो, म्हणून मागणीही यालाच जास्त. मात्र १-२ सेंमीपेक्षा जास्त उचलण्याचं काम या छेदावर लादलं की ताण सगळा वर्तुळावर येतो. वर्तुळ पसरतं, व्रण रुंदावतो, स्तन समोरून चपटा दिसतो. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास आतल्याच्या दुपटीपुढे नेऊ नये, असा ठोकताळा त्यासाठीच आहे. दुसऱ्या श्रेणीत वर्तुळापासून घडीपर्यंत उभा छेद जोडतात. तिसरीत घडीतून आडवाही घ्यावा लागतो. व्रण उलट्या इंग्रजी टी (T) सारखा दिसतो, पण आकार टिकतो.

आता रक्ताचं. स्तनाग्राला छातीच्या मधल्या हाडाजवळून, काखेच्या बाजूने आणि खालून छातीच्या स्नायूतून, अशा अनेक वाटांनी रक्त मिळतं. इम्प्लांट स्नायूच्या वर, थेट स्तनाच्या दूधग्रंथीखाली बसवलं असेल तर कप्पा करतानाच खालून येणाऱ्या बऱ्याच वाहिन्या कापल्या गेलेल्या असतात. जुना छेद घडीत असेल तर ती बाजू आणखी कमजोर होते. शिवाय इम्प्लांटच्या दाबाने ग्रंथी पातळ झालेली असते. अशा स्तनात खालच्या ऊतीच्या भरवशावर स्तनाग्र हलवणं धोक्याचं. वरून किंवा छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूने येणारा पुरवठा राखावा लागतो. इम्प्लांटभोवतीचं कठीण झालेलं आवरण पूर्ण काढायचं असेल तर लिफ्ट त्याच दिवशी करावी का, याचाही विचार हवा. धोका जास्त वाटला तर दोन शस्त्रक्रियांत ३ ते ६ महिने अंतर ठेवणं शहाणपणाचं.

म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद सोन्यासारखा जपावा. इम्प्लांट किती सीसीचं (म्हणजे किती मोठं), कुठे बसवलं, छेद कुठून, हे त्यात असतं. नसेल तर तपासणीत आणि सोनोग्राफीत इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली, फाटलंय का, याचा अंदाज घेता येतो.

एक गोष्ट खानदेशात आवर्जून सांगायला हवी. डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" बाई खरंच सांगते, "नाही." पण रोज सकाळी दाताला लावायची मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आखडवतं आणि स्तनाग्र जगवणाऱ्या वाहिन्या बारीकच असतात. मशेरी, तंबाखू किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद. लाजून लपवू नका. यावर स्तनाग्र वाचणं-न वाचणं अवलंबून असतं.

शस्त्रक्रियेत क्रमही महत्त्वाचा. आधी इम्प्लांट बदलायचं, मग त्वचा किती जास्त आहे ते पाहायचं. शिंपी कपडा कापण्याआधी कच्चा टाका घालून अंगावर बेतून बघतो, तसं सर्जन त्वचा दुमडून तात्पुरत्या पिना लावतो आणि टेबल उचलून रुग्णाला बसतं करून आकार पाहतो. त्यानंतरच कापायचं. त्वचा आधी कापली आणि नंतर मोठं इम्प्लांट घातलं तर टाके ताणाने उसवतात.

पहिले ४८ तास सर्वांत जपायचे. स्तनाग्र पांढरंफटक पडलं किंवा निळं-काळं होऊ लागलं तर ताबडतोब दाखवावं. वेळेत टाके सैल केले, गरज पडल्यास इम्प्लांट काढलं, तर ते वाचू शकतं. म्हणून त्याच रात्रीच्या गाडीने भुसावळला परतू नये, दोन-तीन रात्री दवाखान्याजवळच राहावं. एप्रिल-मेचा मुहूर्तही टाळावा. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घडीत घाम साचतो आणि उलट्या टीचा जोड, जिथे टाक्यांच्या तीन रेषा मिळतात, नेमका तिथेच उकलतो. दिवाळीनंतरची थंडी बरी. नंतर ६ आठवडे पाण्याची कळशी, केळीचा घड, कडेवरचं मूल, काहीही उचलायचं नाही.