पाव की लॉटरी : ‘स्क्विड गेम’च्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग आणि त्यामागची पंधरा वर्षं

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. कर्जबाजारी माणसं मोठ्या बक्षिसासाठी लहानपणीचे खेळ जीव पणाला लावून खेळतात, अशी ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका. भारतीय वेळेनुसार दुपारी दीडला तिचं दुसरं पर्व नेटफ्लिक्सवर आलं आणि पहिल्याच भागावरून प्रेक्षकांत दोन तट पडले. कुणी म्हणालं, गेल्या कित्येक वर्षांत मालिकेची इतकी जबर सुरुवात पाहिली नाही. कुणी म्हणालं, तास उलटून गेला तरी खेळ कुठे आहे? भांडण साधं वाटतं, पण त्याची मुळं २००९ पर्यंत जातात.

आधी तो प्रसंग. सूट घातलेला, भांग नीट पाडलेला, हसरा माणूस सोलमधल्या एका बागेत येतो. पहिल्या पर्वात मेट्रोच्या फलाटावर कर्जबाजारी लोकांना कागदी चौकटींचा ताक्जी खेळायला लावून, हरले की थोबाडीत देणारा हाच तो. आता त्याच्यासोबत शंभर पाव आहेत आणि लॉटरीची शंभर तिकिटं. बाकांवर, झाडाखाली पडलेल्या बेघर माणसांपुढे तो एकेक करून जातो आणि विचारतो, पाव की तिकीट? दोन्ही मिळणार नाही. बहुतेक जण तिकीट घेतात, तिथेच खरवडतात, हाती काही लागत नाही. मग तो बागेच्या मधोमध उभा राहून उरलेले सगळे पाव जमिनीवर ओततो आणि बुटांनी तुडवायला लागतो. भुकेली माणसं बघत राहतात. तो त्यांना सांगतो, हे पाव मी नाही फेकले, तुम्ही फेकलेत.

आमच्या घरी या प्रसंगाला आई उठून आत गेली. या मालिकेतलं रक्त तिने पहिल्या पर्वात पाहिलेलं होतं, त्याला ती बधली नव्हती. पण अन्नाला चुकून पाय लागला तरी वाकून हात कपाळाला लावणारी ती, तिला ते पाव पाहवले नाहीत. तो भाग चांगला की वाईट यावर पुढे मी बरंच ऐकलं, तिच्या उठून जाण्याइतकी नेमकी दाद मला दुसरी सापडली नाही.

भागाचं नावच ‘पाव आणि लॉटरी’ आहे. ‘भाकरी आणि खेळ’ दिले की प्रजा गप्प बसते, हे रोमन कवी जुवेनालचं जुनं म्हणणं अनेकांना आठवलं. इथे मात्र एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. रोममध्ये दोन्ही मिळत होतं, इथे एकच निवडायचं आहे. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. गिरणगावात मटका कुणाच्या पगारावर फोफावला, हे मुंबईच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. घरी पीठ नसताना आकडा लावणारा माणूस मूर्ख नसतो. पाव आजचा दिवस काढतो, उद्या परत तीच बाग. तिकीट निदान बागेतून बाहेर काढण्याचं स्वप्न दाखवतं. दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्युक यांना ही गणितं बाहेरून शिकावी लागली नाहीत.

२००८-०९ मध्ये ह्वांग यांचा एक चित्रपट अडकला होता, हातात पैसे नव्हते, घर कर्जात होतं. त्या दिवसांत ते मांगा भाड्याने वाचायला मिळणाऱ्या दुकानांत जाऊन बसत. जीव पणाला लावून खेळायच्या जपानी चित्रकथा वाचताना त्यांना वाटायचं, असा खेळ खरंच असता तर आपणही गेलो असतो. त्यातून ‘स्क्विड गेम’ची पटकथा आली, तेव्हा ती चित्रपटाची होती. लिहिता लिहिता पैशांसाठी लॅपटॉप विकावा लागला. गुंतवणूकदारांनी वाचलं आणि परत केलं. फार रक्तरंजित, फार अवास्तव, असं कधी होतं का, असा त्यांचा सूर होता. पुढची दहा वर्षं पटकथा पडून राहिली. ह्वांग यांनी दरम्यान दुसरे चित्रपट केले. मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारांवरच्या त्यांच्या २०११ च्या चित्रपटानंतर एवढा जनक्षोभ उसळला, की कोरियाच्या संसदेला कायदा कडक करावा लागला. सांगायचं कारण, हा माणूस करमणुकीतून समाजाची कॉलर पकडणारा आहे, आणि ते त्याने दुसऱ्या पर्वात नव्याने सुरू केलेलं नाही.

‘अवास्तव’ ठरलेली गोष्ट दहा वर्षांत वास्तव कशी झाली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये दक्षिण कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरले. त्याआधी कोरियन माणूस एकदा कंपनीत लागला की निवृत्तीपर्यंत तिथेच, अशी रीत होती. नाणेनिधीच्या अटींबरोबर कपातीचा कायदा आला. नोकरी गेलेल्या मध्यमवयीन माणसांनी कर्ज काढून कोंबडी तळायची दुकानं टाकली, ती बुडाली की आणखी कर्ज. ‘स्क्विड गेम’चा नायक सॉंग गि-हुन याचा प्रवास हाच आहे. कारखाना, संप, कपात, धंदा, दिवाळं, घटस्फोट, शर्यतीच्या घोड्यांवर पैसे.

गि-हुनच्या कारखान्याचं नाव मालिकेत ‘ड्रॅगन मोटर्स’ आहे. सँगयाँग या नावाचा अर्थ ‘दोन ड्रॅगन’. मे २००९ मध्ये प्योंगताएकच्या सँगयाँग मोटर कारखान्यात सुमारे २६०० जणांच्या कपातीविरुद्ध कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला. ७७ दिवस ते आत राहिले. शेवटी पोलिसांनी छपरावर धडक मारली, वरून हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचं द्रव ओतलं. त्यानंतरच्या वर्षांत कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून तीसच्या आसपास माणसं आत्महत्येने किंवा खचून आजारी पडून गेली. पहिल्या पर्वात एका रात्री पहारा देताना गि-हुनला डोळ्यांसमोर मेलेला सहकारी आठवतो, तो प्रसंग या संपातून आलेला आहे, हे ह्वांग यांनी स्वतः सांगितलं आहे.

या कारखान्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडलेली सँगयाँग २०११ मध्ये महिंद्र अँड महिंद्रने विकत घेतली. कपात आणि संप त्याआधीचा. पण कामावर परत घ्या ही मागणी पुढेही चालूच राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये दोन कामगार कारखान्याच्या ७० मीटर उंच चिमणीवर जाऊन बसले, ऐन कोरियन थंडीत. उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा समझोता झाला तो सप्टेंबर २०१८ मध्ये, संपानंतर नऊ वर्षांनी. १९८२ चा गिरणी संप ज्या घरांनी सोसला, त्या घरांतल्या माणसाने गि-हुनकडे पाहावं. जुगारी, आईच्या जिवावर जगणारा, तरीही मनाने मऊ. असा एक मामा किंवा काका त्यांच्या आठवणीत असणारच.

१७ सप्टेंबर २०२१ ला पहिलं पर्व आलं. नऊ भाग, ४५६ खेळाडू, ४५६० कोटी वॉनचं बक्षीस, म्हणजे साधारण पावणेतीनशे कोटी रुपये. सतरा दिवसांत ११ कोटींहून जास्त घरांत ते लागलं. पुढच्या सप्टेंबरमध्ये ह्वांग यांना दिग्दर्शनाचं आणि गि-हुन झालेल्या ली जंग-जे यांना अभिनयाचं एमी मिळालं, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या मालिकेला हे मान पहिल्यांदाच मिळाले. आपल्याकडे लोकांनी ती हिंदीतून आणि सबटायटल्सवर पाहिली आणि ती परकी वाटली नाही, याचं एक कारण अगदी घरगुती आहे. गोट्या आपल्या, रस्सीखेच आपली, ‘स्टॅच्यू’ आपला. ज्या खेळाचं नाव मालिकेला आहे, त्यात आखलेल्या चौकटीबाहेर एका पायावर लंगडत फिरावं लागतं, आपल्या लंगडीसारखं. दुसऱ्या पर्वात पुढे गोंगी येते. पाच खडे, एक वर उडवायचा, बाकीचे टिपायचे. ते पाहून घरोघरी बायका म्हणाल्या असतील, अगं, हे तर सागरगोटे!

पण याच खेळांनी घात केला, असं माझं मत आहे. पहिल्या पर्वाची रचना आठवून पाहा. पहिल्या भागात खेळ सुरू होतो, शेकडो माणसं मरतात, आणि दुसऱ्या भागात वाचलेले लोक मतदान करून घरी जातात. त्या दुसऱ्या भागाचं नाव ‘नरक’. खेळाचं मैदान नरक नव्हे, घर नरक. म्हणून तर लोक आपल्या पायांनी परत येतात. मालिकेचा सगळा उपरोध त्या एका भागात सामावला आहे. जगाने मात्र डोक्यात ठेवलं ते गुलाबी गणवेश, हिरवे ट्रॅकसूट, ‘स्टॅच्यू’च्या खेळात हललेल्याला हेरणारी ती राक्षसी बाहुली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोलच्या रस्त्यावर कामगार संघटनांचे लोक तेच गणवेश घालून मोर्चात उतरले, त्यांना मालिका बरोबर कळली होती. बाकी बाजाराने तिचा सण केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिस्टरबीस्ट या अमेरिकी यूट्यूबरने ४५६ लोक जमवून तोच खेळ खरोखर खेळवला, अर्थात जीव न घेता. दोन वर्षांनी खुद्द नेटफ्लिक्सने ४५६ स्पर्धकांचा आणि ४५.६ लाख डॉलर बक्षिसाचा रिअॅलिटी शो काढला. खेळ पाहत पैजा लावणाऱ्या ज्या श्रीमंत मुखवटेवाल्यांवर मालिका तुटून पडली होती, त्यांच्या खुर्चीत प्रेक्षकालाच बसवलं गेलं. मला याचा आजही राग आहे.

दुसरं पर्व का केलं, याचं उत्तर ह्वांग यांनी बीबीसीला अगदी सरळ दिलं: पैसा. पहिल्या पर्वाने कंपनीला अफाट कमावून दिलं, त्यांच्या वाट्याला तेवढं आलं नव्हतं. त्या चित्रीकरणाच्या ताणाने त्यांचे दात पडले होते, हेही त्यांनी सांगितलं. पर्व प्रदर्शित व्हायच्या आधीच गोल्डन ग्लोबचं नामांकन जाहीर झालं होतं. सव्वातीन वर्षांच्या या प्रतीक्षेत प्रेक्षकांच्या मनात एकच चित्र पक्कं झालं होतं, मैदान आणि बाहुली.

आणि समोर आली बाग. हा भाग गि-हुनला विमानतळाच्या स्वच्छतागृहात उभं करतो, त्याचा माग काढायला कानामागे लपवलेलं यंत्र तो स्वतःच्या हाताने कापून काढतो, आणि मग मधली वर्षं ओलांडून एका बंद पडलेल्या मोटेलमध्ये नेतो. पहिल्या पर्वात जिंकलेल्या बक्षिसाचा पैसा ओतून तो सावकाराच्या गुंडांना मेट्रोची स्थानकं पिंजून काढायला लावतो आहे. पाववाल्याला शोधायला. शेवटी तो पाववालाच दारात येऊन बसतो आणि दोघांत रशियन रूले होतो, म्हणजे पिस्तुलात एकच गोळी ठेवून पाळीपाळीने स्वतःवर चाप ओढायचा जुगार. पाववाला आधी खेळातला पहारेकरी होता, खेळाडू म्हणून आलेल्या स्वतःच्या बापाला त्याने गोळी घातली होती, हे तो अभिमानाने सांगतो. तू मालकांचा कुत्रा आहेस, हे गि-हुनचं बोलणं मात्र त्याला झोंबतं. शेवटची गोळी आपल्याच वाट्याची आहे हे कळूनही तो नियम मोडत नाही. गोंग यू या नटाला पहिल्या पर्वात काही मिनिटंच मिळाली होती. इथे त्याने भाग खिशात घातला, याबाबत दोन्ही तटांचं एकमत होतं.

तक्रारी होत्या त्या वेगाबद्दल. खेळ थेट तिसऱ्या भागात सुरू होतात, आणि सात भागांचं पर्व मधेच तुटतं, कारण दुसरं आणि तिसरं पर्व सलग चित्रित करून दोन तुकडे केले होते. ही दुसरी तक्रार मला मान्य आहे. गोष्ट अर्धी देणं हा विक्रीचा निर्णय आहे. पहिली तक्रार मान्य नाही. पहिल्या पर्वात ‘नरक’ दुसऱ्या क्रमांकावर होता, या वेळी ह्वांग यांनी तो पहिल्या क्रमांकावर आणला. खेळाची वाट पाहणाऱ्याला आधी बागेतून चालत जायला लावलं. दरम्यान आकडे वाढतच होते. पहिल्या चार दिवसांत ६.८ कोटी ‘व्ह्यू’, म्हणजे पाहिलेले एकूण तास भागिले पर्वाची लांबी. कंटाळा आला म्हणणारेही त्यात मोजले गेले.

कोरियातल्या प्रेक्षकांसाठी तर वेळच निराळी होती. ३ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सोक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला, संसदेने तो काही तासांत उलटवला, १४ तारखेला त्यांच्याविरुद्ध महाभियोग मंजूर झाला. मधल्या पत्रकार परिषदेत ह्वांग यांनी आपणही रात्रभर टीव्हीसमोर होतो असं सांगून राग व्यक्त केला. कोरियन प्रेक्षकांना बागही अनोळखी नव्हती. सोलच्या मध्यवस्तीतल्या तापगोल उद्यानाभोवती मोफत जेवणासाठी म्हातारे रोज रांग लावतात. १ मार्च १९१९ ला कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला तो याच उद्यानात. आज त्या देशात पासष्टीच्या पुढचे शंभरातले सुमारे चाळीस जण गरिबीत आहेत, विकसित देशांतलं हे सर्वांत वाईट प्रमाण.

२७ जून २०२५ ला तिसरं आणि शेवटचं पर्व आलं, सहा भागांचं. बेटावरचा खेळ संपतो. अगदी शेवटच्या दृश्यात लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत गाडी थांबते. काच खाली होते. बाहेर सूट घातलेली एक बाई एका फाटक्या माणसाबरोबर कागदी चौकटींचा तोच खेळ खेळते आहे, आणि तो हरल्यावर त्याच्या थोबाडीत देते.