बेवारस गाळाची गोणी आणि दंडाचं गणित

कोकणात लोटे परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, कुणी रात्री राखाडी गाळाची गोणी टाकून गेलं, की गावाला आधी वास येतो, मग डोळे चुरचुरतात, मग तक्रार जाते. कायद्याला मात्र वासाचा उपयोग नाही. तो विचारतो, हा गाळ कुठल्या प्रक्रियेतून निघाला?

2016 च्या घातक कचरा नियमांची पहिली अनुसूची याच प्रश्नावर उभी आहे. तिच्यात 38 प्रकारच्या प्रक्रिया आणि त्यांचा कचरा क्रमांकासह दिलाय. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ 35.3, रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं 33.1. उगम कळला की कचरा घातक ठरला. घातक नसेल, तर ते कारखान्यानं चाचणी करून दाखवावं. महाड असो की तळोजा, एकाच गाळाला दोन अधिकाऱ्यांनी दोन नावं देऊ नयेत, म्हणून हा खटाटोप.

बेवारस गोणीला उगमच नसतो. तिथे गुणधर्म तपासतात. पाणीदार कचऱ्याचा सामू (pH) 2 किंवा त्याहून कमी, नाहीतर 12.5 किंवा त्याहून जास्त असेल, तर तो दाहक, म्हणजे धातू आणि कातडी खाणारा. 60 अंश सेल्सिअसच्या आतच द्रवाची वाफ पेट घेत असेल, तर ज्वलनशील. खरी गंमत विषारीपणाच्या चाचणीत आहे. नमुन्याच्या वीसपट वजनाचा सौम्य आम्ल द्रव घेऊन दोन्ही 18 तास फिरवतात आणि गाळलेल्या द्रवात धातू मोजतात. शिसं लिटरला 5 मिलिग्रॅम, पारा 0.2 मिलिग्रॅम, ही मर्यादा. डब्यात चहापत्ती किती यापेक्षा कपात किती उतरली, हे महत्त्वाचं.

आता कोकणात हे विष पाण्यात उतरण्याची सोय निसर्गानंच केलीय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खाली सच्छिद्र जांभा. सड्यावरचं पाणी झिरपून विहिरीत येतं, नाहीतर पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, वाहत खाडीला लागतं. वर्गीकरणाचे आकडे देशभर एकच असावेत हे मला पटतं. जागेचा विचार दंडात व्हायला हवा.

तो होतो, पण कसा ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं भरपाईचं सूत्र पाच गोष्टींचा गुणाकार करतं: उद्योगाचा प्रदूषणानुसार गट (लाल 80, नारंगी 50, हिरवा 30), उल्लंघनाचे दिवस, 100 ते 500 मधला रुपयांचा घटक (सुचवलेला 250), उद्योगाचा आकार आणि ठिकाण. लाल गटातला मध्यम कारखाना लोट्यात असेल तर आकार आणि ठिकाण दोन्हींचा घटक 1, म्हणून 80 गुणिले 250, म्हणजे दिवसाला 20,000 रुपये. तोच मुंबईत असेल तर 40,000. कारण ठिकाणाचा घटक मुख्यतः शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. दाभोळ खाडीत जाळं टाकणाऱ्या भोयांचं, दालद्यांचं पोट तिच्यावर आहे, हे या गुणाकारात कुठेच बसत नाही.

आणखी एक खोच. माहिती दडवणं आणि संमतीच्या अटी मोडून सांडपाणी सोडणं, दोन्हींना सूत्र तेच. फरक करायचा तर तो 250 च्या आकड्यात, आणि तो आकडा माणूस ठरवतो.

1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी 10,000 ते 15 लाख रुपयांचा दंड आलाय. दोन टोकांत दीडशे पटींचं अंतर. मॅनिफेस्टची, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्राची, एक प्रत वेळेवर न पाठवणारा आणि रात्री पऱ्यात आम्लाचा टँकर रिकामा करणारा या पट्टीवर नेमके कुठे बसतात, ते आधी लिहून ठेवलं नाही तर चिपळुणात एक दंड आणि रोह्यात दुसरा, असंच होणार.